बटाटे, आमेन

सोमवार, १ सप्टेंबर

धाकट्या,

फोन केला असता, पण तुला लहानपणापासून फोनचं वावडं, आणि माझा नंबर बघून तू तो पालथा घालून ठेवशील हेही मला माहीत आहे. म्हणून पत्र.

मुद्द्याचं आधी सांगते. आपले पाळकसाहेब निवृत्त होतायत. पुढच्या महिन्यात मुलीकडे राहायला जाणार, कायमचे. २८ तारखेला, रविवारी, उपासना सुटली की त्यांना निरोपाचं जेवण आहे आणि ते अर्थातच आपल्या घरी आहे. दुसरीकडे कुठे होणार? अख्ख्या मंडळीत चोवीस माणसं एका वेळी कुणाच्या घरात बसतात, सांग बरं!

काल त्यांनी मला चर्चच्या पायरीवरच गाठलं. म्हणाले, "पोरी, जेवणाआधीची प्रार्थना धाकट्याला करू दे. सात वर्षांचा होता तेव्हा त्याने पहिली प्रार्थना माझ्यासमोर केली होती. चार वाक्यांना अकरा मिनिटं लागली. तशी प्रार्थना मी पुन्हा ऐकली नाही." मी म्हटलं, "हो तर, येतोय ना तो. परवाच बोलणं झालं आमचं."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण आता बोलून बसलेय, तेव्हा तू ये. आणि कुणी विचारलंच तर आपण दर आठवड्याला बोलतो असं सांग. मी गेली सात वर्षं सगळ्यांना तेच सांगत आलेय.

आणि अजून त्या बटाट्यांवरून रुसून बसला असशील तर कमाल झाली! बावीस माणसं हात जोडून बसली होती. तू प्रार्थनेत छान आभार-बिभार मानत आलास आणि शेवटी अडकलास. "प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो त्या ब... ब... ब..." एक मिनिट झालं, दोन झाली. समोर नुकतेच ओव्हनमधून काढलेले बटाटे, वाफ निघून चाललेली. मी म्हटलं, "बटाट्यांबद्दल, प्रभू, आणि ते थंड होतायत, आमेन!" सगळे हसले. तूसुद्धा हसलास, मी बघितलं की. आणि गोड यायच्या आधी कोट घालून निघून गेलास, बायकोला घेऊन. त्यानंतर आजतागायत या घरात पाऊल नाही.

एवढ्याशा गोष्टीवरून सख्खी बहीण तोडतात का रे? दोघं या. साडेबारापर्यंत पोचा म्हणजे झालं.

तुझी ताई

मंगळवार, ९ सप्टेंबर

धाकट्या,

आठ दिवस झाले. पत्र मिळालं नाही असं म्हणू नकोस, पोस्टातल्या बाईला मी पावती दाखवून विचारलंय. तू सहीसुद्धा केली आहेस. वेतकाम करणाऱ्याचं अक्षर आहे ते, घट्ट विणलेलं, मी कुठेही ओळखेन.

तुला वाटत असेल ताईला मिरवायला एक भाऊ हवाय. वाटू दे. पण एकदा माझ्या जागी उभा राहून बघ. शनिवारी दुपारी कांदे चिरायला घेतले की माझं अंग हलकं होतं. रविवारी सकाळी टेबलावर पांढरं कापड अंथरते, कोपरे ओढते, ताटं मांडते, आणि मग दार वाजतं. ते पहिलं दार वाजणं! आत कोण येईल ते माहीत नसतं. गेल्या वर्षी एक बसचालक रस्ता विचारायला आला आणि जेवून गेला, आता दर महिन्याला येतो. बाबा म्हणायचे ना, दार वाजलं की आधी चुलीवर पाणी ठेव, मग विचार कोण आहे. प्रभू इतक्यांच्या घरी जेवायला गेला. कुठे काय शिजलं होतं ते फारसं कुणी लिहून ठेवलं नाही, पण कोण बसलं होतं ते बरोब्बर लिहिलंय. मी देवाला दुसरं काही देऊ शकत नाही रे. गाता येत नाही, उपदेश करता येत नाही. मला वाढता येतं.

तुझ्या हातच्या बाराही खुर्च्या अजून वापरात आहेत. एकीची बैठक गेल्या हिवाळ्यात फाटली. हे म्हणाले, बाजारातल्या वेतवाल्याकडे देऊ. मी दिली नाही. वर फळी टाकून उशी ठेवलीये, आणि त्या खुर्चीवर मी कुणाला बसवत नाही.

परवा मात्र एक विचित्र प्रकार झाला. गेल्या महिन्यात इथे एक टेलरबाई राहायला आलीये, तुमच्याच गावाहून. पहिल्याच रविवारी मी तिला उपासनेतून थेट घरी आणलं. माझा नियमच आहे, मंडळीत नवं माणूस आलं की माझ्याकडे जेवल्याशिवाय सुटका नाही. परवा ती पुन्हा आली होती. जेवता जेवता कुणीतरी म्हणालं, ताई, ती बटाट्यांची गोष्ट सांगा ना. आता ती गोष्ट आपल्याकडे कायमची झालीये. कुणाचं बोलणं लांबलं की पोरंसोरंसुद्धा म्हणतात, "बटाटे, आमेन!" तर मी सांगितली, तुझ्या आवाजासकट. सगळे पोट धरून हसले. टेलरबाईने चमचा खाली ठेवला. मग रुमालाने तोंड पुसलं आणि "मला काम आहे" म्हणून उठली. ताट अर्धं तसंच. माझ्या घरातून अर्ध्या ताटावरून उठलेलं दुसरं माणूस ते.

पहिला तू. आणखी कोण असणार?

काय बिनसलं कोण जाणे. तू तिला ओळखतोस का?

उत्तर दे. "येत नाही" एवढे दोन शब्द लिही, मी पाळकसाहेबांना काहीतरी थाप मारीन.

ताई

सोमवार, १५ सप्टेंबर

धाकट्या,

काल उपासनेनंतर टेलरबाई आली. जेवायला नाही. सगळे गेल्यावर मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात आली, फडकं उचललं आणि मी धुतलेली ताटं पुसायला लागली. सहा-सात ताटं झाल्यावर म्हणाली, "ताई, तो शब्द बटाटे नव्हता."

मी म्हटलं, "कुठला शब्द?" मला कळलं होतं कुठला ते. पण असं म्हणायचीच सवय आहे मला.

म्हणाली, "मी त्यांच्या शेजारच्याच घरात राहायचे. तुमच्या भावजयीने मला सहा झबली शिवायला टाकली होती. कुणाला सांगू नकोस असं तिने म्हटलं नाही, सांग असंही म्हटलं नाही. पण ही गोष्ट तुम्ही पुन्हा सांगणार, लोक पुन्हा हसणार, आणि मी तिथे बसून ऐकणार, हे माझ्याने होणार नाही."

सगळं सांगितलं तिने. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते. तुम्ही कुणाला, अगदी मलाही, कळवलं नव्हतं, कारण तू ठरवलं होतंस की पहिल्यांदा बोलायचं ते देवाशी, आणि ताईच्या टेबलावर, सगळ्यांच्या समोर. तीन दिवस तू आरशासमोर उभा राहून ते एक वाक्य पाठ करत होतास. तिला भिंतीतून ऐकू यायचं. "त्या बाळाबद्दल." एवढंच. आणि त्या जेवणानंतर नवव्या दिवशी सगळं संपलं. झबली न्यायला कुणी आलं नाही. तिच्याकडे अजून आहेत, कागदात गुंडाळलेली.

खरं लिहू का? मला पहिल्यांदा तुझा रागच आला. हातात ओलं ताट, आणि मी तिच्यावर ओरडले, "मला सांगितलं का नाही त्याने? मी काय परकी होते?" ती म्हणाली, "सांगतच होता ना."

मग मी खाली बसले. त्या फळी टाकलेल्या खुर्चीवर. बराच वेळ बसले होते. हे आले, विचारलं काय झालं, मी ते ओलं ताट त्यांच्या हातात दिलं. सात वर्षं मी ती गोष्ट सांगतेय रे. किती वेळा सांगितली असेल! तुझा आवाज काढून. तुझं "ब... ब..." काढून. लोक हसायचे आणि मी मान ताठ करून बटाटे वाढायचे.

तू हसलास असं मी लिहिलं होतं. तू हसला नव्हतास. आठवून बघितलं तर मला दिसतं, तू फक्त तोंड बंद केलं होतंस.

मी काय लिहू? माफ कर लिहायला हात उचलत नाहीये, इतकं लहान वाटतंय ते. पण लिहिते. माफ कर. तुझ्या बायकोलाही सांग.

ताई

शनिवार, २० सप्टेंबर

धाकट्या,

अजून एक लपवलंय. ते सांगितल्याशिवाय मला भाकरीचा तुकडा गिळवत नाही.

त्या दिवशी मला बटाट्यांची काळजी नव्हती. बटाटे झाकून ठेवता आले असते, झाकण माझ्या हाताशीच होतं. त्या दिवशी कॉलेजच्या प्राचार्यबाई पहिल्यांदा आपल्याकडे आल्या होत्या. मी डोळे मिटले नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एक डोळा उघडला, घड्याळात बघितलं आणि पुन्हा मिटला. आणि मला लाज वाटली.

तुझी लाज वाटली मला. ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, ज्याच्या नकला करणाऱ्या पोरांना मी दगड मारले, त्याची. माझं टेबल, माझं पांढरं कापड, माझी जमलेली पंगत, आणि मध्येच माझा भाऊ अडकून बसलाय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी पाहुण्यांना सांभाळलं आणि तुला ढकललं. जिभेला हाड नसतं म्हणतात. त्या दिवशी माझ्या जिभेला हाड होतं, चांगलं टोकदार.

काल पाळकसाहेबांकडे गेले. त्यांच्या घरात सगळीकडे खोकी, पुस्तकं बांधून ठेवलेली, बसायला जागा नाही. उभ्या उभ्याच सांगितलं, की आपलं बोलणं होत नाही, सात वर्षं झाली, मी खोटं बोलले, आणि त्या दिवशी तुझा शब्द मीच तोडला. मला वाटलं होतं डोक्यावर हात ठेवतील. नाही ठेवला. म्हणाले, "मीही हसलो होतो त्या दिवशी. ते मला जास्त लागतंय." आणि खोक्याला दोरी बांधत राहिले.

मी म्हटलं, "जेवण रद्द करते." म्हणाले, "का? लोकांनी काय केलंय?" मी विचारलं, मग प्रार्थना कोण करणार. ते म्हणाले, "ज्याची अर्धी राहिलीये तो."

तुला ये म्हणण्याचा मला हक्क नाही. पहिल्या पत्रात हुकूम सोडला होता, तो फाडून टाक. तुला यावंसं वाटलं तर दार उघडं आहे. नाही आलास तर मी कुणाला थाप मारणार नाही, एवढं कबूल करते. पण त्या चोवीस माणसांसमोर काय बोलायचं या विचाराने माझी पाचावर धारण बसलीये. दोन रात्री झोप नाही.

ताई

सोमवार, २९ सप्टेंबर

धाकट्या,

तू आला नाहीस.

साडेबारापासून मी दाराकडे बघत होते. एक वाजला. मंडळी बसली. अकरा खुर्च्या, दोन बाक, शेजाऱ्यांची चार स्टुलं, आणि तुझी फळीवाली खुर्ची रिकामी. सव्वा वाजता हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता वाढायला हवं गं." ओव्हनमध्ये बटाटे होते. मुद्दाम तेच केले होते.

मी बटाटे आणून मध्ये ठेवले. कुणीतरी लगेच म्हणालं, "बटाटे, आमेन!" आणि हशा पिकला. प्राचार्यबाई पण होत्या. टेलरबाई टेबलाच्या टोकाला बसली होती आणि ताटाकडे बघत होती.

मी म्हटलं, "थांबा." खुर्चीची पाठ धरून उभी होते. म्हटलं, "ही गोष्ट मी तुम्हाला शंभरदा सांगितलीये आणि ती खोटी आहे. माझा भाऊ बटाट्यांबद्दल प्रार्थना करत नव्हता. त्याचा शब्द दुसराच होता. तो कुठला ते मी सांगणार नाही, तो त्याचा आहे. मी त्याला तो बोलू दिला नाही, कारण मला तुमच्यासमोर त्याची लाज वाटत होती. तो सात वर्षांत या घरी आलेला नाही. आम्ही दर आठवड्याला बोलतो असं मी म्हणत आले, तेही खोटं."

बाळाचं काही बोलले नाही. तुझी शपथ.

मला वाटलं आता खुर्च्या सरकतील, एकेक जण उठेल आणि माझं टेबल कायमचं रिकामं होईल. खरं सांगते, त्या क्षणी मला याचीच भीती जास्त होती, तुझ्या येण्या-न येण्यापेक्षाही. मी अशीच आहे. मग पाळकसाहेबांनी हात जोडले. सगळ्यांनी जोडले. त्यांनी तुझंच वाक्य घेतलं, "प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो," आणि तिथेच थांबले. पुढे काही बोलले नाहीत. मी डोळे मिटले होते, या वेळी खरंच. वाफ माझ्या तोंडावर येत होती, मग कमी झाली, मग थांबली. शेवटी ते म्हणाले, "जेवू या." आमेन कुणी म्हटलं नाही. ते त्यांनी तुझ्यासाठी ठेवलंय. म्हणाले, ज्याने सुरू केली तोच पुरी करील, तोपर्यंत या घरात जेवणाआधी गप्प बसायचं आणि जेवायचं.

गार बटाटे खाल्ले सगळ्यांनी. टेलरबाईने दोनदा घेतले. मी वाढायला उठले तर प्राचार्यबाईंनी मला दंडाला धरून खाली बसवलं आणि म्हणाल्या, "आज तुम्ही जेवा." आणि स्वतः पदर खोचून वाढायला लागल्या. भात जमिनीवर सांडला त्यांच्या हातून, सवय नाही बिचारीला. इतक्या वर्षांत मी माझ्याच टेबलावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून जेवले नव्हते, ठाऊक आहे? बसल्यावर माणसांची तोंडं दिसतात. बसचालक डाव्या हाताने जेवतो, मला माहीतच नव्हतं. पाच वाजेपर्यंत कुणी हललं नाही. निघताना प्रत्येकाने माझा हात धरला. पाळकसाहेब पायरी उतरताना म्हणाले, "हे जेवण माझ्या लक्षात राहील, मीठ कमी होतं तरी." मीठ अजिबात कमी नव्हतं.

एवढं सगळं छान झालं आणि तू नव्हतास. तुझी खुर्ची मी शेवटी आत नेली.

हे पत्र शेवटचं. तुला त्रास देणार नाही आता.

ताई

शनिवार, ४ ऑक्टोबर

धाकट्या,

शेवटचं म्हटलं होतं, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.

आज सकाळी फोन वाजला आणि त्यावर तुझं नाव दिसलं. मी उचलला. पलीकडे नुसता श्वास. मग तू म्हणालास, "ब..."

तुला पलीकडून काहीच ऐकू आलं नसेल, म्हणून माझं काय झालं ते सांगते. पहिल्याच "ब"ला मला चार शब्द सुचले. "बरी आहेस का" सुचलं. "बायको" सुचलं, तिला काही झालं की काय असं वाटलं. "बास कर तुझी पत्रं" सुचलं, आणि तेच असणार अशी खात्रीच वाटली. शब्द अगदी ओठांवर आले होते रे. मी जीभ दातांखाली धरली. गॅसवर दूध होतं. ते वर येताना दिसत होतं मला. उतू गेलं. हे धावत आले आणि "अगं, दूध!" म्हणायला तोंड उघडलं, तर मी हातानेच त्यांचं तोंड दाबलं. घड्याळाकडे पाठ केली. तू "ब... ब..." करत होतास आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नुसती ऐकत होते. तुझ्या आवाजात बाबांचा आवाज आहे, हे मला त्या वेळी कळलं. इतकी वर्षं कधी ऐकलाच नव्हता नीट.

आणि मग तू म्हणालास, "ब... बसायला जागा आहे का?"

मला रडू फुटलं. असं फुटलं की तोंडातून शब्द निघेना. बघ, अडकले मी. तू थांबलास. मी तुझ्यासाठी दोन मिनिटं थांबले नव्हते, तू माझ्यासाठी थांबलास, मग फोन ठेवलास. मी लगेच उलट फोन केला, तू उचलला नाहीस. बरोबरच आहे, एका दिवसात दोन फोन म्हणजे तुला फार झाले.

टेलरबाई उद्या तिचं उरलेलं सामान आणायला तुमच्या गावी येतेय, तिच्या हातीच हे पाठवते. तिने विचारलं, ती झबली बरोबर नेऊ का. मी म्हटलं, मला विचारू नकोस, माझ्या भावजयीला विचार, आणि ती बोलेपर्यंत थांब.

तर उत्तर. आहे.

दोघांना आहे. फक्त तुझ्या खुर्चीची बैठक फाटलीये, येताना वेत घेऊन ये.

ताई